बुजवलेला चर

मीठ खाडीचं, खाडीला दार उघाडीचं, आणि उघाडीची राखण बुधाच्या घराकडे. मग खाचरात मीठ फुटलं तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार? गावाचं गणित इतकं सरळ होतं की कुणाला डोकं खाजवायचीही गरज पडली नाही.

बुधाचा आजा उघाडीवाला, बाप उघाडीवाला, आणि आता बुधा. खाडीच्या बांधाच्या पोटात लाकडी फळ्यांचं दार होतं, तीच उघाडी. पावसाळ्यात ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं, भरती चढायच्या आत बंद करायची. शिमगा झाला की फळ्यांवर पेंढा आणि चिखल थापून दार लिंपून टाकायचं, ते थेट मिरग लागेपर्यंत. त्याबद्दल सुगीला प्रत्येक घरातून सूपभर भात यायचं. सहासष्ट साली ते आलं नाही. बुधाची बायको सोमी सूप घेऊन दारोदार फिरली. कुणी उद्या ये म्हणालं, कुणी घरात असून बाहेर आलं नाही, आणि पुंडलिकच्या सुनेनं ओटीवरून सुनावलं, "उघाडी सांभाळाला येत नाय, नि भात मागाला बरी येतेस."

सोमी मासवणची लेक. मासवणच्या बाया खाली मान घालून चालत नाहीत असं तिची सासू चिडून म्हणायची, ते काही खोटं नव्हतं. रिकामं सूप तिनं पदराखाली लपवलं नाही. काखेत मारलं आणि भर गावातून, सगळ्यांना दिसेल असं घरी आणलं.

घरी पोचल्यावर मात्र ती चुलीपुढे बसून रडली. भात गेल्याचं एवढं नव्हतं, पण चोर ठरवलं याचं होतं. तिनं आणि बुधानं सारी आवसपुनव बांधावर काढली होती. खेकड्यांनी पोखरलेलं भोक न् भोक बुजवलं होतं. एक थेंब आत येऊ दिला नव्हता, आणि तरी त्यांच्याच खाचरात आधी मीठ फुटलं होतं.

ते खाचर सगळ्यात खालचं, बांधाला आणि उघाडीला लागून. कूळकायद्यात बुधाच्या नावावर झालं त्याला सहा वर्षं झाली होती. पहिली दोन वर्षं भातानं घर भरलं. मग मधेच एक पांढरा डाग पडला, पुढच्या साली त्याचे चार झाले, आणि आता निम्म्या खाचरावर पीठ सांडल्यासारखी खार आली होती. त्यातून चालताना सोमीच्या टाचांच्या भेगा अशा झोंबायच्या की संध्याकाळी पाय पाण्यात घालून बसावं लागायचं. खाचराच्या वर पुंडलिकचं मोठं खाचर, त्याच्या वर इतरांची, आणि मग डोंगर. डोंगर आता नावाचाच हिरवा. दहा वर्षांपूर्वी ठेकेदारानं ऐन आणि साग तोडून नेला, तेव्हापासून राब भाजायला पालाही लांबून आणावा लागे.

पौषात पाणी शोधणारी सरकारी टोळी आली. तारापूरला बिजलीघराचं बांधकाम चालू होतं, बोईसरकडे वस्ती वाढत होती, तेव्हा जमिनीखाली पाणी कुठं किती आहे ते बघायला पुण्याकडून एक साहेब आणि चार माणसं फिरत होती. साहेब कमी बोलायचा. बोलायचा तो त्याचा भोकं पाडणारा माणूस, पंढरी. सोलापूरकडचा, सरावलीत खोली करून राहिलेला. त्यानं बुधाच्या खाचरात लोखंडी गिरमिट फिरवलं आणि निघालेली माती ओळीनं मांडली.

वरच्या अंगाला गिरमिट फिरवताना तो थांबला. काळ्या गाळात पिवळी माती, मुरूम आणि कुजलेला पेंढा मिसळून आला होता.

"वहिनी, हितं कधी काय बुजवलं व्हतं का?"

सोमीनं बुधाकडे बघितलं. बुधा बांधाकडे बघत होता. काय नाय, म्हणाला, आणि विडी पेटवायला वाऱ्याकडे पाठ केली. सोमीनं ओळीतला मुरुमाचा एक खडा उचलला आणि होता तिथं परत ठेवला.

पंढरीनं मातीचा शेवटचा गोळा फोडून दाखवला. आत बारीक शिंपल्या होत्या. ही सारी जमीन एके काळी खाडीच होती, तो सांगू लागला, मीठ तिच्या पोटात आधीपासून आहे. डोंगरावर झाडं होती तोवर बरंचसं पाणी ती पीत होती. आता ते खाली मुरतं, उतारानं इकडे येतं आणि बाहेर जायला वाट नाही म्हणून इथंच साठून वर चढतं.

"पानी वर आलं की माती त्याला वढून घेती, दिव्याची वात तेल वढती तशी. ऊन पानी पितं आन मीठ तेवढं हितं ऱ्हातं. खाडीचा काय बी दोष न्हाई वहिनी. उलट खाडीकडं पानी जायला पायजे, ते जात न्हाई."

सोमीनं विचारलं, हे गावाला सांगशील का. पंढरी हसला. माझं कोण ऐकतंय, म्हणाला, तुमी मोजून दावा. आणि त्यानं मोजायचं कसं ते शिकवलं. गाठी फोडून पोकळ केलेले दोन बांबू भोकांत उभे केले, एक पुंडलिकच्या हद्दीजवळ वरच्या अंगाला, दुसरा बांधाजवळ. दोरीला एक डबडं बांधून आत सोडायचं. ते पाण्यावर आपटलं की डुबुक वाजतं. तिथं दोरी धरायची आणि जमिनीबरोबर गाठ मारायची. चिखलणीला ज्यानं पाण्यावर खाचर सपाट केलंय त्याला सांगावं लागत नाही की खाचराचं हे टोक आणि ते टोक एका पातळीत असतं. म्हणून जमिनीपासून मोजलं तरी चालतं.

"उधाणाला मोजा, भांगाला मोजा," पंढरी म्हणाला. "खाडीचं पानी आसंल तर खाडीसंगट वरखाली हुईल."

सोमीला हे एका झटक्यात कळलं. वाचता येत नसेल, पण आवसपुनवेला भरती उधाणाची आणि अष्टमीला भांगाची, मरगळलेली, हे तिला रक्तातून माहीत होतं. तिनं दोन दोऱ्या केल्या, दर बांबूला एक. उधाणाच्या दिवशी गाठीत काळा दोरा अडकवायचा, भांगाच्या दिवशी गाठ नुसती. दर आठ दिवसांनी ती बांबूपाशी वाकून कान लावून बसायची, आणि वाटेनं जाणारे हसायचे. उघाडीवालीण आता जमिनीलाच औषध विचारते म्हणे. एकानं तर देवी अंगात आणली का म्हणून विचारलं. सोमी म्हणाली, आणली हाय, तुझाच नंबर पयला लागेल. मग तो वाकडी वाट करून जाऊ लागला.

तीन महिने झाले. वरच्या बांबूत पाणी दीड हातावर लागायचं, बांधाजवळच्या बांबूत दोन हात चार बोटांवर. म्हणजे पाणी डोंगराच्या अंगाला उंच आणि खाडीच्या अंगाला खोल. आणि काळ्या दोऱ्याच्या गाठी काही वेगळ्या पडल्या नव्हत्या. उन्हाबरोबर दोन्हीकडचं पाणी बोट-अर्धं बोट खाली चाललं होतं, उधाण असो की भांग. सोमी दोरी हातात धरून गाठींवरून बोटं फिरवायची आणि मनाशी म्हणायची, बोलवा आता गावाला.

तिनं बोलवायच्या आधी गावानंच बोलावलं.

शिमग्यानंतर चार दिवसांनी पुंडलिकच्या अंगणात बैठक बसली. पुंडलिक काही वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला घाई फार, आणि आपल्याला सगळं कळतं ही खात्री त्याहून फार. त्याच्या खाचराच्या खालच्या कोपऱ्यात त्या साली पहिल्यांदा पांढरं दिसलं होतं. माणूस घाबरला होता आणि घाबरल्याचं दाखवायचं नव्हतं. बाकीचे बाकड्यांवर, चटयांवर बसले. बुधा आणि सोमी तुळशीपलीकडे जमिनीवर.

ठरलं होतं ते असं. जुना बांध गळका झाला. त्याला डागडुजी करून उपयोग नाही. पुंडलिकच्या आणि बुधाच्या हद्दीवर नवा बांध घालायचा, नवी उघाडी बसवायची, जुना बांध खाडीला सोडून द्यायचा. चैती पुनवेनंतरच्या सोमवारी दर घरटी एक माणूस फावडं घेऊन येईल.

"नि आमचं खाचर?" सोमीनं बसल्या जागेवरून विचारलं.

ते बांधाच्या बाहेर राहील, असं कुणीतरी म्हणालं. कोण म्हणालं ते तिनं बघितलं नाही. बाहेर म्हणजे खाडीत. सहा वर्षांपूर्वी ज्याच्यावर तलाठ्यानं बुधाचं नाव वाचून दाखवलं आणि हा गडी तीन दिवस झोपला नव्हता, त्या खाचराला आता खेकडे राखणार होते. पुंडलिकनं समजुतीचा आवाज काढला. तसं पण ते मेलंच हाय सोमे, तो म्हणाला, एक कुजलं बोट कापलं तर हात वाचतो.

बुधा मान खाली घालून काडीनं जमीन उकरत होता. सोमी उभी राहिली. बैठकीत बाई उभी राहत नाही, पण तिचे पाय तिला विचारून उठले नव्हते.

"चैती पुनवेला दुपारी उधाण भरेल. त्या येळी समदी बांधावर या. मीठ कुठून येते ते मी दाखवते. नाय दाखवलं तर तुमच्या बांधाचा पयला घमेला मी टाकीन."

लोक हसले. पुंडलिक मात्र हसला नाही. सोमवार काही पळून जात नाही, म्हणाला, बघू काय दाखवते ते.

घरी आल्यावर बुधा तिच्यावर फिरला. सबंध वाटेत बोलला नव्हता, ते सगळं झोपडीत निघालं. कारण त्यालाही ठाऊक होतं की खाडी दोषातून सुटली की पुढचा प्रश्न येणार, मग पाणी साठतं का. आणि त्याचं उत्तर त्याच्या खाचरात पुरलेलं होतं.

जमीनदाराच्या काळात डोंगराच्या पायथ्यापासून उघाडीपर्यंत एक खोल चर होता, छातीएवढा. बाराही महिने त्याच्या तळाशी पाणी झिरपायचं. खाचर नावावर झालं त्या पहिल्या उन्हाळ्यात बुधानं तो आपल्या हद्दीतला चर बुजवला. चार हात रुंद आणि खाचराएवढी लांब जागा फुकट जाते म्हणून. डोंगरातून मुरूम वाहून आणला, पेंढा टाकला, वर माती. खालची वाट बंद झाल्यावर वरच्यांच्या चरात पाणी कुजून डास झाले, तेव्हा त्यांनीही आपापला तुकडा बुजवला आणि त्यावर भात लावलं.

"तू सांग," सोमी म्हणाली. "नाय तर मी सांगते."

बुधानं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाला, "माजी जमीन म्हणून मी पयली माती टाकली ती तिथं. बापाला असली जमीन कधी मिळाली नाय. त्याच्यावर भात आला तवा मी हातात धरून रडलो व्हतो, तू बघितलंस. नि आता तू गावापुढं सांगणार, की ही जमीन मी माज्याच हातानं मारली?"

सोमीला भडभडून आलं. त्याला जवळ घ्यावं असं वाटलं आणि घेतलंही नाही, कारण घेतलं असतं तर ती मऊ पडली असती. ती एवढंच म्हणाली की गावासाठी चोर राहण्यापेक्षा आपल्या चुकीचं धनी झालेलं बरं. बुधा उठून बाहेर गेला आणि पुनवेपर्यंत तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

पुनवेला साडेबाराच्या सुमाराला खाडी बांधाच्या कडेला लागली. उन्हात पाणी डोळ्यात खुपत होतं. सगळा गाव आला होता, अगदी ज्या बाया एरवी बांधाकडे फिरकत नाहीत त्याही. नवसी, सोमीची मोठी पोरगी, तारापूरला खडी वाहायला जायची. तिनंही खाडा केला होता. पंढरी सायकलवरून आला आणि लांब उभा राहिला.

सोमीनं आधी दोन्ही दोऱ्या पुंडलिकच्या हातात दिल्या. काळ्या दोऱ्याच्या गाठी उधाणाच्या, नुसत्या गाठी भांगाच्या, एवढंच सांगितलं. मग म्हणाली, डबडं तुमी सोडा, माझा हात नको. पुंडलिकनं बांधाजवळच्या बांबूत डबडं सोडलं. पाठीमागे चार पावलांवर भरलेली खाडी त्याच्या कमरेएवढ्या उंचीवर उभी होती. दोरी सुटत गेली. डुबुक वाजलं. त्यानं दोरी जमिनीबरोबर चिमटीत धरली आणि बघितलं. चिमूट आठ दिवसांपूर्वीच्या भांगाच्या गाठीच्या अर्धं बोट वर होती, म्हणजे पाणी तेवढं आणखी खाली गेलं होतं.

त्याला खरं वाटलं नाही. पुन्हा सोडलं, मग तिसऱ्यांदा. मग तरातरा वरच्या बांबूकडे गेला आणि तिथं सोडलं. दीड हात चार बोटं. डोंगराकडचं पाणी खाडीकडच्यापेक्षा वर.

ही सगळी भातावर जगलेली माणसं. पाणी कुठून कुठं जातं हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवायचं नव्हतं. एक म्हातारा मागून हळूच म्हणाला, मंग बांध गळत नाय. पुंडलिकनं दोरी गुंडाळली, परत उलगडली.

"खाडीचं नाय, तर मंग हे पानी इथं बसलं का?"

सोमीनं बुधाकडे बघितलं. एकदा, दोनदा. बुधानं मान खाडीकडे वळवली. मग ती बोलली.

"आमी बसवलं. हितं चर व्हता, तो आमी बुजवला. चार काकऱ्या भातासाठी. उघाडीवाल्याच्या घरानं बुजवला, ज्याला पाण्याची वाट ठाऊक असाला पाहिजे त्यानं. त्याच्यासाठी माझं सूप रिकामं धाडलं असतंत तर मी तोंड उघडलं नसतं."

माणसांत एकदम कुजबूज उठली. कुणी शिवी दिली, कुणी थुंकलं. पुंडलिकच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. मग गुन्हा तुमचाच की, तो म्हणाला.

"आमचाच. नि वरचा चर कोनी बुजवला?"

कुजबूज थांबली. कारण वरचा चर उभ्या असलेल्यांपैकी आठ जणांनी बुजवला होता, आणि त्यात पहिलं फावडं पुंडलिकचं होतं. त्यानं दोरी सोमीच्या हातात दिली. सोमवार तो सोमवार, बांध होणारच, म्हणाला आणि निघून गेला. लोकही पांगले. बुधा कधी गेला ते सोमीला कळलंही नाही.

पुनव गुरुवारची. सोमवारपर्यंत तीन दिवस होते. सोमीनं शुक्रवारी उजाडताच उघाडीच्या तोंडाशी कुदळ मारली. नवसी कामावर गेली नाही. आई खणायची, लेक घमेल्यानं माती वर टाकायची. वरचा थर विटेसारखा कडक, खाली तोच पिवळा मुरूम, त्याखाली काळा गाळ, पायाला धरून ठेवणारा. दुपारपर्यंत दोघींचे तळवे फुटले आणि खारं पाणी त्यांत शिरून आग व्हायला लागली. नवसीनं लुगड्याच्या चिंध्या हाताला गुंडाळल्या. सोमीनं तेही केलं नाही. तिला राग इतका आला होता की तळवे तिचे नसावेतच.

रविवारी सकाळी बुधा आला. टिकाव खांद्यावर. आल्या आल्या त्यानं त्यांच्या कामाकडे बघितलं, तिरकं गेलंय म्हणाला. त्या भांडणानंतरचा तो त्याचा पहिला शब्द. मग दोरी न लावता, नुसत्या नजरेनं, जुन्या चराची ओळ दाखवली आणि मधोमध उतरून खणू लागला. त्यानंच भरलेला मुरूम होता, तो त्याला ओळखत होता. कुठं मोठा दगड टाकलाय हेही त्याच्या हाताला आठवत होतं. खणताना त्याचे डोळे गळत होते आणि तो ते पुसत नव्हता. सोमी त्याच्या शेजारी खणत राहिली.

तिन्हीसांजेच्या आधी ओहोटी लागली, तेव्हा बुधा उघाडीकडे गेला. शिमग्यानंतर लिंपलेलं दार मिरगाआधी कुणी उघडलेलं गावाच्या आठवणीत नव्हतं. नवसी म्हणाली, बाबा, लोक काय म्हनतील. बुधा म्हणाला, उघाडी माजी हाय. त्यानं वाळलेला चिखल फोडला, पेंढा ओढून काढला आणि दोन फळ्या उचलल्या. चरातलं काळं पाणी आधी नुसतं हललं. मग गटागटा खाडीत पडायला लागलं. भरती चढायच्या आत त्यानं फळ्या परत बसवल्या, आणि पुढच्या ओहोटीला परत काढल्या.

सोमवारी पंचवीस माणसं फावडी घेऊन आली तेव्हा चर पुंडलिकच्या हद्दीला भिडला होता. नवा बांध जिथं उभा राहायचा तिथंच छातीएवढी खोली होती आणि तिच्यात सोमी उभी होती, चिखलानं माखलेली, केस सुटलेले. हद्दीच्या मातीतून, पुंडलिकच्या बाजूनं, पाणी पाझरत होतं. बारीक, पण सारखं.

पुंडलिक काठावर आला आणि उकिडवा बसला. त्यानं बोट पाझरात धरलं, जिभेला लावलं आणि लगेच थुंकला.

"तुमच्या खाचरातलं हाय," सोमी म्हणाली. "बांध खुशाल घाला. पन घातल्यावर हे कुठं ठेवाल ते आधी समद्यांना सांगा."

पुंडलिकनं मागे वळून माणसांकडे बघितलं. माणसं पाझराकडे बघत होती. ज्यांची खाचरं वर होती ती जरा जास्तच निरखून बघत होती. कुणीतरी फावडं खांद्यावरून खाली टेकवलं. पुंडलिक ओलं बोट धोतराला पुसत राहिला.

सोमीनं त्याची वाट बघितली. मग चरातून वर चढली, हद्द ओलांडली आणि त्याच्या खाचरात, जुन्या चराच्या ओळीवर, पूर्ण जोर लावून फावडं घातलं. मातीची मोठी ढेप उचलून तिनं त्याच्याच हद्दीवर टाकली.

पुंडलिक ताडकन उठला. "सोमे, माजं खाचर हाय ते."

"हाय ना," सोमी म्हणाली. "मंग उभे का? उतरा."

आणि तिनं दुसरं फावडं घातलं.